विवानला कुलूप

गेल्या आठवड्यात समोरच्या घरातून एका दोन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाचं निमंत्रण मोबाइलवर आलं. त्यात मुलगा सिंहासनावर बसला होता, डोक्यावर मुकुट होता आणि मागे धबधबा कोसळत होता. जळगावात एवढं पाणी एकदम कुठून आलं, हे अशा वेळी विचारायचं नसतं. खाली 'कृपया आहेर आणू नये' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे आणायचा होता.

मी खेळण्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी दोन प्रश्न विचारले : मुलगा की मुलगी, आणि कितीपर्यंत. दोन्हींची उत्तरं मिळाल्यावर त्यांनी माझ्यापुढे सात खोकी मांडली. सातही खोक्यांवर एकच गोरा मुलगा हसत होता. मी बाहेर येऊन धुळ्याला सुकदेवनानांना फोन लावला.

"काय चाललंय त्याचं?" नानांनी विचारलं.

मला काय माहीत, समोरचा मुलगा आहे, कधीतरी गॅलरीत दिसतो, असं मी सांगितलं.

"मग दुकानात काय करता भाऊ? आधी पोराकडे जा." फोन ठेवला गेला.

मी मुकाट्याने समोर जाऊन तासभर बसलो. मुलाला मांडीवर घेऊन त्याचे वडील त्याच्याकडून प्राण्यांची इंग्रजी नावं म्हणून घेत होते. सुटका झाल्याबरोबर तो दाराकडे गेला, माझी एक चप्पल उचलून आतल्या खोलीत ठेवून आला, मग दुसरी. घरी जाताना माझ्या चपला सापडेनात, पण आहेर सापडला होता. दोरी लावलेली लाकडी हातगाडी. आता त्या घरातल्या चपला गाडीतून जातात, एवढाच फरक पडला आहे.

ही रीत सुकदेवनानांची. आम्ही जळगावात जमीनमोजणीच्या कार्यालयात बरोबर होतो. मी टेबलावर, ते शेतात. भूकरमापक म्हणून त्यांची तीस वर्षं चाळीसगावपासून जामनेरपर्यंतच्या बांधांवर गेली होती. उंच, काटकुळे, मानेपर्यंत उन्हाने काळे आणि कॉलरच्या आत गोरे. त्यांचं प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचं पडे. साहेबांच्या खोलीपासून चहाच्या टपरीपर्यंत एकशे बारा पावलं होतात, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही त्यांनी ते माहीत करून दिलं होतं. शर्टाच्या खिशात कायम एक लाल-निळी पेन्सिल असे. साखळी जाऊन मोजणीची यंत्रं आली तरी पेन्सिल गेली नाही.

शेतकऱ्याने मोजणीला बोलावलं की नाना आधी यंत्र उघडत नसत. एक तास नुसते शेतात फिरत. कोण कुठे उभं राहून बोलतं, कुठलं झाड दोन्ही भाऊ आपलं म्हणतात, कुठल्या दगडाकडे बघायचं सगळे टाळतात, ते बघत. "आधी पाहणी, मग मोजणी," हे त्यांचं पहिलं वाक्य. जागेवर न जाता कार्यालयात बसून कुणी नकाशा दुरुस्त केला तर त्याच्या टेबलावरचा चहा ते पीत नसत. आमच्या कार्यालयात हा निषेधाचा फार कडक प्रकार समजला जाई.

नानांना मूलबाळ नव्हतं. बायको लवकर गेली. मी त्यांच्या ओळखीचा झालो तेव्हा या गोष्टी जुन्या झाल्या होत्या आणि ते त्या काढत नसत. पण लहान मूल दिसलं की त्यांची मोजणी सुरू होई. पहिल्या वाढदिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत. पुढची मुलं त्यांच्या हद्दीत येत नसत. शाळेत गेल्यावर मूल काय हवं ते तोंडाने सांगतं आणि ते बहुतेक खोटं असतं, असं त्यांचं मत होतं.

माझी मुलगी मुक्ता दोन वर्षांची होणार होती तेव्हा मी तिच्यासाठी पृथ्वीचा गोल आणायचा बेत केला होता. मी पुस्तकं वाचणारा माणूस, माझ्याकडून एवढी चूक होणारच. वाढदिवसाच्या चार दिवस आधी नाना घरी आले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि बायकोने दिलेला चहा गार होईपर्यंत काही बोलले नाहीत. मी कौतुकाने सांगत होतो की मुक्ताला वीसपर्यंत आकडे येतात, रंग ओळखते, दोन बडबडगीतं पाठ आहेत. नानांची अहिराणी दोनच वेळा बाहेर पडे, लहान मुलांशी बोलताना आणि राग आल्यावर. ती तेव्हा पडली.

"ते तुमनं चाली ऱ्हायनं भाऊ. तिनं काय चाली ऱ्हायनं ते सांगा."

मुक्ताचं काय चाललंय, ते मला सांगता येईना. नानांनी माझ्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, पोरगी ओततेय."

आणि खरंच ती ओतत होती. नानांचा चहा बशीत, बशीतला वाटीत, वाटीतला सतरंजीवर. आम्ही सहा महिने तिच्यावर 'सांडू नकोस' म्हणून ओरडत होतो. तिच्या हातात एक काम आलं होतं आणि ती ते मनापासून करत होती, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. वाढदिवसाला नानांनी पत्र्याची एक छोटी झारी आणि स्टीलची दोन फुलपात्रं आणली. त्या संध्याकाळी आमच्याकडे एकसारख्या चार बाहुल्या, एक भुंकणारा कुत्रा आणि इंग्रजी बोलणारा टेलिफोन आला. पुढचे तीन महिने मुक्ता मागच्या अंगणात फरशीला पाणी घालत होती. फरशीला काही उगवलं नाही, पण घरातली सतरंजी सुकी राहिली. कुत्र्याचे सेल मी तिसऱ्या दिवशी काढून ठेवले आणि पुन्हा घालायला विसरलो. ते विसरणं अजून चालू आहे.

नानांचं म्हणणं होतं की या वयात मुलाच्या हातात एका वेळी एकच काम असतं. कुणी फेकतं, कुणी कोंबतं, कुणी झाकतं, कुणी सगळं ओळीत लावतं. ते काम कुठलं हे बघायचं आणि त्या कामाचं अवजार द्यायचं, बास. हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं. मी नंतर दोन-तीन जाड पुस्तकांत हेच वाचलं आणि त्यांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "मग बरोबर लिहिलंय त्यांनी," आणि मोजणीला निघून गेले.

फुले मार्केटमधल्या जयरामशेठच्या दुकानात नाना शिरले की शेठ स्वतः उठून उभे राहत. हा आदर नव्हता, खबरदारी होती. नाना प्रत्येक खेळणं कमरेच्या उंचीवरून खाली सोडत. रंगाचा वास घेत. बाहुलीचा डोळा चिमटीत धरून ओढत आणि तो हाती आला तर शेठच्या गल्ल्यावर ठेवून म्हणत, "हा संध्याकाळपर्यंत पोटात गेला असता." कोपरे स्वतःच्या गालावर घासून बघत. एकदा ढोल वाजवणारं माकड हातात घेऊन त्यांनी विचारलं की हे किती वेळ वाजतं. सेल संपेपर्यंत, असं शेठ अभिमानाने म्हणाले. नानांनी ते परत फळीवर ठेवलं. "ज्यांच्याकडे द्यायचंय त्यांच्याशी माझं वैर नाही."

शेठ एरवी कुरकुर करत, पण दुसरं कुणी गिऱ्हाईक नसलं की हळूच विचारत, नाना, आमचा नातू सारखी बटणं दाबतो, काय देऊ? गावभर खेळणी विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या नातवाला काय द्यावं ते कळत नव्हतं. नानांनी त्याला दुकानातलं एकही खेळणं दिलं नाही. घरातली जुनी दोन स्विचची पाटी तारा काढून द्या म्हणाले.

आमच्या साहेबांच्या नातवाचा पहिला वाढदिवस मे महिन्यात, दुपारी चारला, बायपासजवळच्या एका लॉनवर झाला. जळगावच्या मे महिन्यात दुपारी चारला सरडेही बाहेर पडत नाहीत. एक वर्षाच्या मुलाला शेरवानी आणि फेटा घातलेला होता. तो रडत होता आणि मोठ्या पडद्यावर त्याचं रडणं आठपट मोठं दिसत होतं. कर्मचाऱ्यांनी मिळून काहीतरी भारी द्यायचं ठरलं होतं, आणि ठरलं ते मुलाने आत बसायची, रिमोटवर चालणारी लाल जीप. नानांनी बैठकीत विरोध नोंदवला होता. एक वर्षाच्या पोराला जीप नको, जीपचं खोकं द्या, आत काहीही असो, असं ते म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

जीप आली. मुलाला आत बसवलं. रिमोट कोणी धरायचा यावर क्षणभर विचार झाला आणि तो साहेबांच्या सरकारी चालकाकडे गेला, कारण वाहन हा त्याचा विषय होता. चालक बिचारा रिमोट हातात धरून लॉनभर जीपच्या मागे चालत होता आणि वळणावर सवयीने हात दाखवत होता. तिसऱ्या फेरीला मुलाने शेरवानीवर ओकारी काढली. त्याला उतरवून, कपडे काढून, चड्डीवर सोडलं. तो रांगत थेट जीपच्या रिकाम्या खोक्यात गेला आणि जेवणं होईपर्यंत बाहेर आला नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता. त्या समारंभात मनापासून हसलेला तो एकटाच असावा.

साहेबांनी खोकं टाकून द्यायला सांगितलं होतं. नानांनी ते आधीच मांडवाच्या खांबाला बांधून ठेवलं होतं.

एवढं सगळं ज्याला कळतं, त्याने स्वतःच्या घरातल्या मुलाच्या वाढदिवसाला काय करावं? तीच मुख्य गोष्ट आहे.

धुळ्याला नानांची थोरली बहीण असते, इंदूअक्का. अक्कांचा मुलगा किशोर. नाना किशोरचे सख्खे आणि एकुलते मामा. किशोरला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला, त्याचं नाव विवान ठेवलं. अक्कांच्या तोंडी ते बसेना, त्या त्याला 'विमान' म्हणत. नानांसाठी हे विमान म्हणजे सगळं काही होतं. महिन्यातून एकदा ते एस.टी.ने धुळ्याला जात, दोन दिवस अक्कांच्या घरातल्या फरशीवर बसून परत येत आणि सोमवारी मला अहवाल देत. पोऱ्या सध्या कोंबतोय. पोऱ्याचं कोंबणं संपलं, आता लपवतोय.

विवान तीन वर्षांचा होत आला तेव्हा किशोर मार्बल-टाइल्सचं मोठं दालन काढत होता. वाढदिवस गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी येत होता आणि उद्घाटन पाडव्याला. मुलगा पायगुणाचा म्हणून दालनाचं नावही ठरलं : विवान मार्बल हाउस. नानांना या सगळ्यात रस नव्हता. ते महिनाभर एकच वाक्य बोलत होते, "पोऱ्या उघडतोय." कपाट, फाटक, बापाची मोटारसायकल, जिथे कुलूप दिसेल तिथे विवान किल्ली उलटी धरून जात होता. हाताला अजून किल्लीचं तोंड कळलं नव्हतं, पण कळायला आलं होतं.

नानांनी सागाची एक फळी आणली आणि परसात बसून तीन रविवार खपले. फळीवर एक कडी, एक कोयंडा, एक खिटी, एक साखळी आणि मधोमध पितळेचं खरंखुरं कुलूप. कोपरे पॉलिशपेपरने घासून गालावर तपासले. किल्लीला लाल फीत बांधली. असा सुंदर आहेर मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या मनात एक शंका मात्र आली नाही, आणि ती नानांच्याही मनात आली नाही. दोन शहाण्या माणसांनी मिळून केलेला मूर्खपणा जास्त पक्का होतो.

मी नानांबरोबर धुळ्याला गेलो, कारण माझ्याकडे गाडी होती आणि त्यांच्याकडे फळी. लॉनच्या कमानीवर विवानचा फोटो आणि टाइल्सचा फोटो सारख्याच आकाराचे होते. कंपन्यांचे प्रतिनिधी, बांधकामवाले, दोन नगरसेवक, सगळे आले होते. लग्नात माइकवरून आहेर पुकारायची आपल्याकडची पद्धत किशोरने वाढदिवसाला लावली होती. त्यासाठी खणखणीत आवाजाचा एक निवेदक आणला होता. तो एकेक वेष्टन उघडून देणाऱ्याचं नाव आणि वस्तू पुकारत होता. सायकल झाली, चांदीचा पेला झाला. मग मामांचा मान म्हणून तपकिरी कागदातली फळी पुढे आली.

"आणि आता जळगावहून खास आलेले, किशोरशेठचे सख्खे मामा, सुकदेवनाना यांच्याकडून विवानला..." निवेदकाने कागद काढला, फळी उलटसुलट पाहिली, आणि धंद्याच्या सवयीने वाक्य पूर्ण केलं. "...कुलूप."

ध्वनियंत्रणा चांगली होती. 'विवानला कुलूप' हे शब्द लॉनच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'विवान — उद्यापासून आपल्या सेवेत.'

कंपनीचे प्रतिनिधी ताटाकडे बघू लागले. किशोर व्यासपीठावरून खाली आला. आवाज चढवला नाही, हे त्याचं कौतुकच.

"मामा, उद्या शटर उघडायचं आणि आज कुलूप?"

"दुकानाला नाही रे, पोराला दिलंय."

"दोघांचं नाव एकच आहे, मामा."

मोजणीत असं होत नाही. दोन गटांना एकच क्रमांक नसतो.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो केव्हाच फळी ओढत केकच्या टेबलाखाली गेला होता. खालून खट् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा खट्. मग त्याच्या आईने त्याला एका हाताने आणि फळीला दुसऱ्या हाताने बाहेर काढलं. फळी तपकिरी कागदात परत गुंडाळून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आली. आम्ही न जेवता निघालो. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा नानांनी कागद सोडला. कुलूप लागलेलं होतं आणि लाल फितीची किल्ली नव्हती.

"पडली असेल," नाना म्हणाले, आणि कागद पुन्हा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला जे झालं ते अक्कांनी फोनवर सांगितलं. मुहूर्त साडेनऊचा होता. पुढारी वेळेवर आले, आणि हेच वाईट झालं, कारण दालनाच्या किल्ल्यांचा जुडगा सापडत नव्हता. पुढारी हातात कात्री घेऊन चाळीस मिनिटं फितीसमोर उभे होते. शेवटी शेजारच्या वेल्डरला बोलावलं. फीत कापण्याआधी कुलूप कापावं लागलं. जुडगा तिसऱ्या दिवशी अक्कांच्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात सापडला. पीठ खाली गेलं तसा तो वर आला. विवानने तो नेमका कधी ठेवला हे कळलं नाही, पण कोणी ठेवला याबद्दल वाद नव्हता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण नाना बोलले. अक्कांच्या फोनचा स्पीकर चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"ती फळी त्याच्याकडे राहू दिली असती, तर त्याने जुडग्याला हात लावला नसता."

हे शंभर टक्के खरं होतं, त्यामुळे फार लागलं. पलीकडून किशोरचा आवाज आला की मामांनी यापुढे धुळ्याला यायची तसदी घेऊ नये.

नानांनी तसदी घेतली नाही. महिन्याची एस.टी. बंद झाली. सोमवारचा अहवाल बंद झाला. गावातले लोक वाढदिवसांचं विचारायला येतच होते आणि नाना जाऊन बसतच होते, पण आता चहा गार व्हायच्या आत उठत. कुलूप लागलेली फळी त्यांनी घराच्या खिडकीत ठेवली. मी म्हटलं, चाव्या बनवणाऱ्याकडे नेऊ, दहा मिनिटांचं काम आहे. नको म्हणाले. "ज्याची मिळकत त्याच्या गैरहजेरीत उघडायची नसते."

पुढच्या मार्चमध्ये विवान चार वर्षांचा होणार होता. आमंत्रण येणार नव्हतं, पण नानांना आहेर पाठवायचा होता. मी म्हणालो, काहीतरी सर्वसाधारण पाठवा. रंगाच्या पेट्या आहेत, लाकडी ठोकळे आहेत, चार वर्षांच्या कुठल्याही मुलाला चालतील. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या टेबलावरचा चहा आता कायमचा बंद झाला असं मला वाटलं.

"न बघता नकाशा काढू?"

तरी त्यांनी प्रयत्न केला. दुपारच्या वेळी अक्कांना फोन लावला. मी शेजारीच होतो. अक्का आधी सगळ्या आज्या सांगतात ते सांगू लागल्या, फार शहाणा झालाय, इंग्रजीत बोलतो. नाना वैतागले, मुलाच्या हातात काय असतं एवढंच त्यांना हवं होतं.

"अक्का, ते सोड. त्याना हातमा काय ऱ्हास?"

"त्याना हातमा ना भाऊ," अक्का म्हणाल्या, "कायम एक..." आणि पलीकडे दार वाजलं. किशोर जेवायला आला असावा. अक्का मोठ्याने "राँग नंबर" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

नाना एक अख्खा रविवार जयरामशेठच्या दुकानात होते. एकही खेळणं खाली सोडलं नाही, एकाही बाहुलीचा डोळा ओढला नाही. रिकाम्या हाताने परत आले. जयरामशेठनी मला बाजूला घेऊन विचारलं, नानांची तब्येत बरी आहे ना? त्या वर्षी विवानला जळगावचा आहेर गेला नाही.

जूनमध्ये नाना निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी अक्कांचा निरोप आला की गेल्या वर्षी राखी पोस्टाने पाठवली, ते मला पुन्हा जमणार नाही, मी येते. किशोर आईला गाडीने आणणार होता, आणि विवान आजीशिवाय घरी राहत नव्हता. नानांनी मला बोलावून घेतलं. कारण सांगितलं की चहा करायला कोणीतरी हवं. मी बायकोने दिलेली बासुंदी घेऊन गेलो.

गाडी फाटकाशी थांबली. अक्का उतरल्या, विवान उतरला, किशोर उतरला नाही. काच वर करून तो कानाला फोन लावून बसला. एवढा वेळ कुणाचाही फोन चालत नाही.

अक्कांनी राखी बांधली, नानांना ओवाळलं. नाना नंतर फरशीवर बसून राहिले. विवानला त्यांनी हाक मारली नाही, जवळ घेतलं नाही, किती मोठा झाला असंही म्हटलं नाही. विवान एक हात चड्डीच्या खिशात घालून घरात फिरत होता. गोदरेजच्या कपाटाशी थांबला. खिशातून हात बाहेर आला. हातात एक छोटी किल्ली होती, तिला मळून काळी पडलेली एक फीत. किल्ली त्याने सुलट धरली होती. कपाटाला लागली नाही. तो पुढे माझ्या स्कूटरकडे गेला. तिथेही नाही. निराश वगैरे काही झाला नाही. त्याच्या चालण्यात मोजणीला निघालेल्या माणसाचा धिमेपणा होता.

"दीड वरीस व्हयनं भाऊ," अक्का म्हणाल्या, "गावमा एक कुलूप नही सोडं त्यानी. शाळानं गेट, देवळनी दानपेटी, बठ्ठं व्हई गयं." सगळं करून झालं, पण कुठली किल्ली म्हणून विचारलं तर तो सांगत नाही, आणि फेकायला गेलं तर रडून घर डोक्यावर घेतो. किशोरने शेवटी नाद सोडला होता.

मी नानांकडे पाहिलं. मग खिडकीकडे बोट दाखवायला हात उचलला, तर नानांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड साखळी ओढणाऱ्या माणसाची होती.

"पाहणी चाललीय," ते हळू म्हणाले.

विवानने फाटक केलं, मोरीचं दार केलं, पाण्याच्या टाकीचं झाकण केलं. मग खिडकी. फळी त्याच्या नाकाच्या उंचीला येत होती. त्याने कुलूप डाव्या हातात धरलं, किल्ली घातली, फिरवली.

खट्.

तो ओरडला नाही की हसला नाही. उघडलेलं कुलूप थोडा वेळ बघत राहिला. मग नानांकडे वळून, बरेच दिवस चुकीच्या पत्त्यावर फिरलेली गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "ही किल्ली इथली आहे."

नानांनी खिशातली लाल-निळी पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली. "हां," एवढंच म्हणाले.

अक्का बाहेर गेल्या आणि गाडीची काच बोटाने वाजवली. त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण फार शब्द लागले नसावेत. किशोर आत आला. तोवर फळी फरशीवर आली होती आणि विवान कडी-कोयंडा-साखळी असा एकेक प्रांत जिंकत होता. किशोरने फीत ओळखली. दीड वर्ष ज्या किल्लीवरून घरात भांडणं झाली ती कुठली, हे त्याला आता कळत होतं. नानांनी सरकून जागा केली. किशोर फरशीवर बसला, महागाची पँट असूनही.

"मामा, फळी घेऊन जातो," तो शेवटी म्हणाला. मग थोडं अडखळला. "फक्त एक. दुकानासमोरून जाताना कुलूप उघडं ठेवायचं."

"ते मला काय सांगतो?" नाना म्हणाले. "मालकाला सांग."

किशोरने मालकाला समजावून सांगितलं. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि कुलूप लावलं.

बासुंदी खाऊन सगळे निघाले. नानांनी कापडी पिशवीत दोन शर्ट आणि दाढीचं सामान भरलं. मी विचारलं, कुठे? म्हणाले, मार्चमध्ये पाचवा वाढदिवस आहे, दोन दिवस पाहणी करून येतो. मार्चला सात महिने होते. "आता लिहायला-वाचायला लागेल, मग काही खरं सांगणार नाही," ते म्हणाले आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. ती अजून माझ्याकडेच आहे.

मी फाटकाशी उभा होतो. नाना मागे बसले होते आणि फळी मांडीवर घेऊन विवान त्यांना टेकला होता. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं ते असं. किशोरचा एक हात स्टिअरिंगवर होता. दुसरा हात मागे वळलेला, पालथ्याचा उताणा करून तो काहीतरी मागत होता. विवान देत नव्हता, आणि नाना खिडकीबाहेर बघत होते.